विंग चुन आलं कुठून? शोधायचं तर उलटं चालत जा

विंग चुन, म्हणजे दक्षिण चीनमधली एक कुंग फू शैली, शिकायला लागलं की लवकरच एक गोष्ट ऐकवली जाते, शाओलिन मठ जाळला, त्यातून इंग मुई नावाची भिक्षुणी वाचली, तिने यिम विंग-चुन या मुलीला शिकवलं वगैरे. गोष्ट भारीच आहे, पण इतिहास शोधायचा असेल तर तिथून सुरू करू नका, उलट या टोकाकडून मागे जा, जिथे माणसं खरी आहेत हे पक्कं माहितीये.

म्हणजे विंग चुनचा नावाजलेला शिक्षक इप मॅन. १८९३ला दक्षिण चीनमधल्या फोशान शहरात जन्म, १९७२ला हाँगकाँगला वारला. त्याचा गुरू चान वा-शुन, बाजारात नाणी बदलून द्यायचा. त्याचा गुरू ल्युंग जान, फोशानचा वैद्य, जन्म १८२६. इथपर्यंत जमीन घट्ट आहे.

आता कागद घ्या आणि गणित मांडा. गोष्टीप्रमाणे ल्युंग जानला शिकवलं लाल बोटींतून गावोगाव फिरणाऱ्या नाटकवाल्यांनी, त्यांना शिकवलं ल्युंग लान-क्वाईने, त्याला शिकवलं ल्युंग बोक-चाऊने, आणि तो म्हणजे त्या यिम विंग-चुनचाच नवरा! पण इप मॅनने लिहून ठेवलेल्या हकिकतीत मठ जळाल्याची ही सगळी भानगड चीनच्या कांगशी बादशहाच्या काळातली, आणि तो तर १७२२लाच गेला. मग मधली शंभरेक वर्षं दोन पिढ्यांत कशी बसवणार? नाही बसत.

मग पुढचा प्रश्न विचारा, ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर कधी आली? बखरीला आपण विचारतो तसंच. मठ जळाल्याची कथा तिआनदीहुई या गुप्त संघटनेच्या कागदांत सापडते, त्यातला एक १८११चा, सरकारने जप्त केलेला. इंग मुई दिसते १८९०च्या दशकातल्या एका कादंबरीत, आणि गंमत म्हणजे तिथे ती शाओलिनच्या विरोधी गटात आहे, नायिका ती नंतर झाली. गोष्टीतला जळालेला मठ म्हणजे दक्षिणेकडचा शाओलिन, आणि तो आमचाच म्हणणारी चीनच्या फुजियान प्रांतात तीन शहरं आहेत, पुतिआन, क्वानझोउ आणि फुचिंग, तेव्हा पर्यटनाच्या पाट्या वाचून हुरळून जाऊ नका.

नाटकवाल्यांचा भाग मात्र लगेच फेकून देऊ नका. १८५४ला ली वेनमाओ नावाच्या नटाने खरंच बंड केलं होतं आणि नंतर सरकारने फोशानमधलं नाटकवाल्यांचं संघभवन पाडलं. म्हणजे मारामारी येणारे नट तिथे होते एवढं नक्की, विंग चुन त्यांच्याकडूनच आलं हे त्यातून सिद्ध होत नाही.

सर्च करताना नावं चिनी लिपीत कॉपी-पेस्ट करा, कारण इंग्रजीत एकाच माणसाची चार स्पेलिंगं असतात आणि अर्धी माहिती तिथेच हरवते.

आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट, जी फार कोणी करत नाही: म्हातारपणी ल्युंग जान आपल्या गावी, गुलाओला गेला आणि तिथेही त्याने शिकवलं. ती शाखा अजून आहे. तिचे व्हिडिओ आणि इप मॅनच्या शाखेचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघा, जे दोन्हीकडे सारखं दिसेल ते बहुतेक ल्युंग जानच्या वेळचं, जे एकाच बाजूला आहे त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह टाका.