ब्रेस्ट कॅन्सर वॉकला मदत करताय? या चुका टाळा

ब्रेस्ट कॅन्सर जागृतीचा ऑक्टोबर आला की गुलाबी टी-शर्टांची ऑर्डर सगळ्यांत आधी जाते आणि वाटेची पाहणी सगळ्यांत शेवटी होते. म्हणून मी वाटेपासूनच सुरुवात करते.

तिथी न बघता किनारा ठरवणं. रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर आम्ही हे करून बसलोय. पाहणी केली कोजागिरी झाल्यावर, वद्य प्रतिपदेला, सकाळी साडेसहाला. ओहोटी होती, ओली वाळू फरशीसारखी घट्ट. सगळे खूश. वॉक पुढच्या रविवारी त्याच वेळी, म्हणजे अष्टमीला. जाऊन बघतो तर ती फरशी पाण्याखाली! भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात ओहोटीच्या जागी भरती येते. बायका सुरूच्या बनालगतच्या भुसभुशीत वाळूतून घोटे रुतवत चालल्या, दोघींचे पाय मुरगळले. जाळं झटकणारे एक मामा म्हणाले, "तीथ बघून नाय आलात?" भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती म्हणून निभावलं, उधाण असतं तर बनात शिरावं लागलं असतं.

मामांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, पण मोबाइलवरच्या तक्त्याआधी मी आजही भिंतीवरचं कॅलेंडरच बघते. 'गूगलवर बघू की आयत्या वेळी' म्हणणाऱ्या पोरांना मी टी-शर्ट वाटायला बसवते.

पाण्याचे स्टॉल मांडले, संडासाचं कुणी बघितलं नाही. बायका पाणी नाकारतात ते तहान नसते म्हणून नव्हे. 'नंतर जायचं कुठे?' हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात मग चक्कर येते, आणि आपण म्हणतो, नाश्ता केला नसेल. मी आदल्या आठवड्यात वाटेवरच्या दोन-तीन घरी जाऊन येते, चहा पिते, 'सकाळी दार उघडं ठेवाल ना?' विचारते. कोकणात नाही कुणी म्हणत नाही, फक्त आधी विचारावं लागतं.

नुसतं पाणी ढोसायला लावू नका. कोकम सरबतात मीठ घाला. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

जिचं ऑपरेशन झालंय तिच्या हातात बॅनर देणं. फोटो छान येतो, मान्य. पण काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. बॅनर, जड पिशवी, खांद्यात रुतणारा पट्टा त्या बाजूला नको. हात जड वाटला, बांगडी किंवा अंगठी घट्ट झाली तर काढून ठेवायला सांगा, हात उंच करून मूठ उघडझाप करू दे, आणि सूज उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवायला लावा. रक्तदाब मोजायचा तर दुसऱ्या हाताला. कुठला हात, हे तिलाच विचारा, आणि विचारताना 'बिचारी'चा चेहरा करू नका.

नवे बूट: नको. फोड आला तर फोडू नका, वर पट्टी लावा.

आणि शेवटच्या बाईच्या मागे एक माणूस हवाच. ती पोचायच्या आत मंडप सोडायला घेऊ नका.