हात दोन, थर पाच: रॉक-पॉप बँडमध्ये कीबोर्ड वाजवू इच्छिणाऱ्यांसाठी

पॉपच्या एखाद्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज, ब्रास आणि मागे सिंथची एखादी ओळ, असे पाच थर सहज सापडतात. मंचावर ते सगळे कीबोर्डवाल्याच्या वाट्याला येतात. म्हणून गाणं बसवताना बोटांच्या आधी निवड येते. हेडफोन लावून एकेक थर वेगळा ऐका आणि कुठे सुरू होतो, किती बार चालतो, ते कागदावर उतरवा. लोक जी ओळ गुणगुणतात ती ठेवायची, गिटार जे आधीच वाजवते आहे ते सोडायचं, आणि उरलेल्यातलं हातात बसेल तेवढंच घ्यायचं.

घरी एकट्याने पियानो शिकलेल्यांना सगळ्यात जास्त नडतो तो डावा हात. एकट्याने वाजवताना बास त्यालाच सांभाळावा लागतो, पण बँडमध्ये ती जागा बास गिटार आणि किक ड्रमची असते. तिघेही तिथेच वाजले की तळ गढूळ होतो आणि साउंड इंजिनिअर कीबोर्डच खाली घेतो. मिडल सीच्या, म्हणजे कीबोर्डच्या मध्याजवळच्या सी स्वराच्या खाली एका सप्तकापेक्षा जास्त उतरायचं नाही, एवढा नियम सुरुवातीला पुरतो. कॉर्डचा मूळ स्वर बासवाला देतोच. तुम्ही तिसरा आणि सातवा स्वर द्या.

खाली 88 पट्ट्यांचा, पियानोसारखा जड (हॅमर ॲक्शन) कीबोर्ड आणि वर 61 हलक्या पट्ट्यांचा, ही मांडणी बहुतेक कामांना पुरते. ऑर्गनवर तळहात घासत न्यायचा असतो. तो जड पट्ट्यांवर धड होत नाही आणि हातही सोलतो. पॅच, म्हणजे कीबोर्डमध्ये साठवलेले आवाज, गाण्यांच्या क्रमाने लावा, वाद्यांच्या प्रकाराने नाही. त्यांच्या पातळ्या मात्र बँडबरोबर, पूर्ण आवाजातच जुळवा. हेडफोनवर गोड वाटलेला पियानो ड्रमशेजारी हरवतो.

ऑर्गन हे वेगळं वाद्य समजूनच शिका. पट्टी जोरात दाबली म्हणून त्याचा आवाज वाढत नाही, तो पायाच्या एक्स्प्रेशन पेडलने वाढतो. सस्टेन पेडल इथे नाहीच, स्वर बोटांनीच धरून ठेवायचे. ऑर्गनबरोबर वापरला जाणारा लेस्ली नावाचा फिरता स्पीकर संथावरून जलद व्हायला वेळ घेतो, त्यामुळे कोरसच्या थोडं आधीच बटण दाबायचं. डीप पर्पल या रॉक बँडचे जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवत. तो खरखरीत आवाज गिटारच्या भिंतीसमोर कसा टिकतो, ते लक्ष देऊन ऐका.

दुसरं वाद्य हवंच, आणि ते कीबोर्ड गप्प असतो त्या गाण्यांसाठी हवं. पॉल मॅकार्टनींबरोबर 1989च्या दौऱ्यापासून वाजवणारे पॉल ‘विक्स’ विकन्स गिटार आणि ॲकॉर्डियनही हाताळतात. ‘द बँड’ नावाच्या रॉक गटाचे गार्थ हडसन ऑर्गनखेरीज ॲकॉर्डियन आणि सॅक्सोफोन वाजवत. आपल्या मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतातले वादक केर्सी लॉर्ड यांनी तालवाद्यं, ॲकॉर्डियन आणि सिंथेसायझर अशी तिन्ही क्षेत्रं गाजवली.

पेटी येणाऱ्याला ॲकॉर्डियनचा उजवा हात ओळखीचा वाटतो. डाव्या हाताची 120 बटणं मात्र वेगळी आहेत: 20 ओळी, प्रत्येकीत सहा. सीचं बटण खोलगट किंवा खडबडीत असतं, ते न बघता बोटाला सापडायला हवं. त्याच्या वर जी, खाली एफ. भात्याची दिशा वाक्य संपतं तिथे बदला. मध्येच बदलली तर स्वर तुटतो.

वाद्य बदलायला किती वेळ आहे तो मोजा. 120च्या लयीत चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे चार बारांत आठ सेकंद. तेवढ्यात गिटार स्टँडवरून गळ्यात यायला हवी, आधीच सुरात लावलेली आणि ट्यूनर पेडलवर म्यूट केलेली. ही अदलाबदल तालमीत उभं राहून किमान दहादा करा.

बिघाड बहुतेक ठरलेले असतात. सस्टेन पेडल उलटं चालतं, म्हणजे पाय उचलला की स्वर लांबतो. बरेच कीबोर्ड सुरू होताना पेडलची स्थिती वाचतात, म्हणून तेव्हा पाय बाजूला ठेवायचा. ट्रान्सपोज, म्हणजे गाण्याची पट्टी वर-खाली सरकवण्याची सोय, मागच्या गाण्याचाच राहतो आणि पुढचं गाणं भलत्याच पट्टीत सुरू होतं. गायकाची पट्टी पॅचमध्येच साठवली तर हा धोका टळतो. मंडपात हम, म्हणजे सलग घुमणारा आवाज, ऐकू आला तर कीबोर्ड साउंड सिस्टिमला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, पण विजेच्या प्लगची आर्थिंगची पिन कधीही काढू नका. त्यात जीव जाऊ शकतो. हॉलची यंत्रणा मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करणारी असेल तर स्टिरिओ पियानो पोकळ ऐकू येतो, कारण दोन्ही बाजूंचे काही स्वर एकमेकांना खोडतात. अशा वेळी मोनो पॅच वापरावा.

पहिली कामं बहुधा बदलीची येतात: तीन-चार दिवस हातात आणि वीसेक गाणी. दर गाण्याला एकच पान करा: पट्टी, लय, रचना, पॅच क्रमांक आणि शेवट कसा होतो. शेवट आधी पाठ करा, कारण मधली चूक बँडमध्ये विरते, शेवटची सगळ्यांना ऐकू येते. ट्रिनिटी आणि रॉकस्कूलच्या रॉक-पॉप ग्रेड परीक्षा भारतातही होतात. वाचन आणि ताल पक्के व्हायला त्या उपयोगी आहेत, पण काम मिळतं ते तालमीला तयार होऊन येणाऱ्याला. होकार देण्यापूर्वी तालमी किती, वाहतूक कोणाची, कीबोर्ड कोणाचा आणि पैसे कधी, हे लेखी विचारून घ्या.