देव मानणाऱ्यांनी आणि न मानणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, समोरच्याला आपल्या बाजूला ओढायला आपण बसलेलो नाही. आस्तिक असाल तर त्याला देवाच्या मार्गाला लावायचं नाहीये आणि नास्तिक असाल तर त्याची श्रद्धा सोडवायची नाहीये. आणि हे नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही बरं का, कारण हा आपलं ऐकतोय की आपलं वाक्य संपायची वाट बघतोय हे कुणालाही लगेच कळतं. मग बोलायचं तरी कशाला? तर तो जे मानतो ते का मानतो हे त्याच्या तोंडून कळावं म्हणून, आणि आपण जे मानतो ते आपल्याला तरी धड सांगता येतं का हे बघायला. माझ्या मते दुसरं कारण जास्त मोठं आहे. आपल्यासारख्याच लोकांत बसलं की सगळे माना डोलावतात, तिथे मत कधी तपासलंच जात नाही.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेत, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत ते इथे फार कामाला येतात. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला केलेली चर्चा, जल्प म्हणजे कसंही करून जिंकायला केलेली, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही फक्त दुसऱ्याची मोडत सुटायचं. बोलता बोलता मधेच स्वतःला विचारा की आत्ता आपण कुठल्या प्रकारात आहोत. जल्प सुरू झालाय असं वाटलं तर सरळ म्हणा "थांब, मी जिंकायला लागलोय, तुझा मुद्दा परत सांग". याने चर्चेचा सूरच बदलतो.

जागा आणि वेळ बघून बोला. दोघंच असाल तर उत्तम. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा भरल्या घरात हा विषय काढला की बघणारे आले, आणि बघणारे आले की माघार घेणं अवघड होतं. घरात कुणी गेलंय, कुणी आजारी आहे तेव्हा तर अजिबात नको, ना "देव कुठे होता मग" ना "आता तरी देवाचं नाव घे". आणि कुणालाही उघडपणे "मी मानत नाही" म्हणायला भाग पाडू नका. काही देशांत धर्म सोडणं किंवा ईशनिंदा हा कायद्याने गुन्हा आहे, आणि बाकी ठिकाणीसुद्धा घरच्यांवर अवलंबून असलेल्या मुलामुलींना हे बोलणं महागात पडू शकतं. किती उघड व्हायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग सुरुवात व्याख्येपासून करा. 1948 मध्ये बीबीसी रेडिओवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट पाद्री फ्रेडरिक कोपलस्टन यांची देवाच्या अस्तित्वावर चर्चा झाली होती. त्यात कोपलस्टन आधी हेच विचारतात की देव म्हणजे जगापासून वेगळा, जगाचा निर्माता असा सर्वश्रेष्ठ व्यक्तिरूप ईश्वर, एवढं धरून चालायचं का? रसेल हो म्हणतात आणि मगच पुढचं सुरू होतं. आपण हे करतच नाही, एकाच्या डोक्यात नवसाला पावणारा देव असतो, दुसऱ्याच्या डोक्यात निर्गुण चैतन्य, आणि तासभर भांडण झाल्यावर कळतं की ज्या देवाला हा नाकारत होता त्याला तोही मानत नव्हता. नास्तिकांचंही तसंच आहे. "देव नाहीच" म्हणणारा आणि "मला पुरावा दिसत नाही म्हणून मी मानत नाही" म्हणणारा या दोघांचं म्हणणं एक नाही.

यानंतर पूर्वपक्ष, म्हणजे खंडन करायच्या आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची. 14व्या शतकातल्या माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' घ्या, लिहिणारा वेदांती, पण पहिलं प्रकरण चार्वाकांचं, देव आणि परलोक नाकारणाऱ्यांचं. आज चार्वाकांबद्दल आपल्याला जे माहितीये त्यातलं बरंचसं त्यांच्या विरोधकांनीच लिहून ठेवलेलं आहे. आपण एवढंच करायचं की आपलं उत्तर द्यायच्या आधी "तुला असं म्हणायचंय ना" म्हणून त्याचा मुद्दा सांगायचा आणि तो "हो, अगदी हेच" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त फरक मला यानेच पडलेला दिसतो.

प्रश्न कसे विचारायचे हे एका उदाहरणावरून बघू. समजा मैत्रीण म्हणाली "प्रार्थना केली की मला बळ येतं." यावर "पुरावा काय?" म्हटलं की ती गप्प होणार किंवा चिडणार. त्याऐवजी "म्हणजे नेमकं काय होतं गं तेव्हा?" असं विचारा. ती कदाचित सांगेल की मागितलेलं मिळतं असं नाही, पण जे हातात नाही ते सोडून देता येतं, रात्री झोप लागते. आता बोलायला खरा विषय मिळाला. मग तिनेही विचारावं "तू काय करतोस अशा वेळी?" आणि हा प्रश्न ऐकला की बऱ्याच नास्तिकांना पहिल्यांदाच स्वतःकडे बघावं लागतं.

दोन वाक्यं मात्र कायमची टाळा. आस्तिकाला "एवढं शिकून तू हे मानतोस?" आणि नास्तिकाला "देवाची भीती नाही तर तू चांगलं का वागशील?" पहिल्यात तो मूर्ख ठरतो, दुसऱ्यात तो संशयित. आणि धर्माच्या नावाने झालेल्या कत्तलींचा हिशोब समोरच्या एकट्या माणसाकडे मागू नका, तसंच निरीश्वरवादी राजवटींच्या अत्याचारांचा हिशोबही कुणा एका नास्तिकाकडे नको.

मतभेद मिटले नाहीत तरी एकत्र काय करता येतं हे बघायचं तर गांधीजी आणि गोरा यांच्याकडे बघा. गोरा म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव, आंध्रमधले कट्टर नास्तिक, अस्पृश्यतेविरुद्ध काम करणारे. दोघांच्या सेवाग्रामला भेटी झाल्या, देवावर मोकळेपणाने बोलणं झालं, दोघांनीही आपली भूमिका सोडली नाही. पण गोरांच्या मुलीचं लग्न दलित तरुणाशी ठरलं तेव्हा गांधीजींनी ते सेवाग्रामला करायचं आणि विधीत देवाऐवजी सत्याचं नाव घ्यायचं मान्य केलं. लग्न 1948 मध्ये झालं तेव्हा गांधीजी हयात नव्हते, पण ते झालं सेवाग्रामलाच. म्हणून माझं म्हणणं, चर्चा अडली की विचारा, दोघांनाही पटेल असं कुठलं काम आहे? बहुतेक वेळा निघतं काहीतरी.

आणि थांबायचं कधी? आवाज चढला किंवा तोच मुद्दा तिसऱ्यांदा आला की. कुणी दुखावलं असेल तर त्याच बैठकीत विचारा कशाने लागलं, आणि तिथे खुलासे देत बसू नका. उठायच्या आधी दोघांनी एकमेकांना एकेक प्रश्न द्यायचा, ज्याचं उत्तर आत्ता द्यायचं नाही. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा तिथूनच सुरू करा.