‘अंगाला लागत नाही’ म्हणून साखर चालते? या चुका टाळा

सडपातळ मुलांचे आईबाप माझ्याकडे येतात ते ‘अजून काय खाऊ घालू’ हे विचारायला. साखरेचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, ‘त्याच्या अंगाला काही लागतच नाही हो!’ मला याचा खरोखर राग येतो. वाढीच्या वयात कॅलरी जळून जातात, म्हणून काटा हलत नाही. पण साखरेतला एक भाग असतो फ्रुक्टोज; तो जास्त झाला की यकृत त्यापासून चरबी बनवतं, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी वाढू शकते, आणि यातलं काहीच वजनकाट्यावर दिसत नाही. दातांना तर वजनाशी काही देणंघेणंच नसतं.

पंधरा वर्षांचा एक धावपटू आठवतो. काटकुळा, चपळ. दंतवैद्याने चार किडके दात दाखवून माझ्याकडे धाडलेला. घरात मिठाई नाही, चॉकलेट नाही. तासभर खणल्यावर बाटली सापडली: स्पोर्ट्स ड्रिंक, रोज दोन, वर्गात आणि मैदानावर घोट घोट. आई म्हणाली, ‘लेबल वाचलंय मी, सहाच ग्रॅम आहे.’ ते सहा ग्रॅम 100 मिलीचे होते. बाटली 500 मिलीची, म्हणजे 30 ग्रॅम. दोन बाटल्यांचे 60. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या 10 टक्के, म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात 50 ग्रॅम. 5 टक्क्यांच्या, म्हणजे 25 ग्रॅमच्या खाली राहिलं तर आणखी चांगलं. त्यात प्रत्येक घोटाला तोंडातले जिवाणू आम्ल बनवतात. ते लाळेने निवळायच्या आत पुढचा घोट. दातांना दिवसभर उसंतच नाही.

त्या आईला मी वाटीत पंधरा चमचे साखर मोजायला लावली. ग्रॅमला चारने भागा, चहाचे चमचे मिळतात. आकडे लोक विसरतात, वाटी विसरत नाहीत. तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. तहान लागली की पाणी आणि गोड प्यायचंच तर जेवणासोबत, एका बैठकीत, हे दोनच नियम मी त्याला दिले.

फळांचा रस, अगदी घरी काढलेलासुद्धा, याच हिशेबात धरा. अख्खं फळ आणि साधं दूध धरू नका.

मध ‘नैसर्गिक’ म्हणून सुटत नाही.

केचप, फ्लेवर्ड दही, नाश्त्याचं सीरियल: लेबलवर ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज ही साखरेची भावंडं दिसली की थांबा.

‘शुगर-फ्री’ ही पळवाट मला पटत नाही. गोडाची सवय तशीच राहते.

आणि ‘सोमवारपासून साखर पूर्ण बंद’ म्हणणारे उतावळे पालक! आठवड्याभरात मूल दप्तरात लपवून खायला लागतं, आणि मग खरं किती खातं तेही कळत नाही. सडपातळ मुलाला त्यातून ‘खाणं म्हणजे भीती’ हा धडा मिळाला तर ते साखरेहून वाईट. मी एका वेळी एकच गोष्ट बदलते, तीन आठवडे. सुरुवात नेहमी बाटलीपासून.