घड्याळ कुठलं, शून्य कुठलं?

गणितात एमएस्सी करून मी गोव्यातल्या मांडवी नदीच्या पाण्यावर पीएचडीला नाव घातलं, तेव्हा मला समीकरणं सोडवता येत होती, पण भरती-ओहोटीचं कोष्टक वाचता येत नव्हतं. आता माझ्याकडे येणारी मुलंही अशीच एका पायावर उभी असतात. कुणी संगणकशास्त्रातून आलेलं असतं, त्याला क्षारता कशी मोजतात ते ठाऊक नसतं. कुणी सागरविज्ञानातून आलेलं असतं, त्याला टर्मिनल, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, उघडायची धास्ती वाटते. दुसरा पाय कसा रोवायचा, ते त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते. तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते, कारण बाकीचं सगळं मी तिच्यातूनच शिकले.

पहिल्या वर्षी माझ्या मॉडेलने, म्हणजे नदीच्या पाण्याची समीकरणं सोडवणाऱ्या संगणकी प्रोग्रामने, मांडवीच्या मुखाशी पाण्याची पातळी काढली. मोजलेल्या पातळीशेजारी ती ठेवली, तर आलेख जवळपास उलटा आला. मोजमापात भरती, तिथे माझ्याकडे ओहोटी. मला वाटलं, मॉडेलच्या समुद्राकडच्या सीमेवर जी भरती बाहेरून द्यावी लागते, तिचं चिन्ह चुकलं असणार. उणे लावलं आणि दोन्ही रेषा एकमेकींवर येऊन बसल्या. पाऊण तासाचा फरक उरला होता. तो मी तळाच्या घर्षणावर ढकलला आणि दोन आठवडे घर्षणाचा गुणांक वरखाली करत बसले.

त्याच सुमारास आम्ही मांडवीतल्या चोडण बेटाच्या बाजूला पाण्याचे नमुने घ्यायला होडीतून गेलो होतो. आलेखाचा कागद माझ्या मांडीवर होता. होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांनी विचारलं म्हणून समजावून सांगितला. त्यांनी दोन खळग्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाय, दिवसाच्या दोन्ही ओहोट्या सारख्या कशा? एकीला माझी होडी रेतीवर टेकते, दुसरीला टेकत नाही."

घरी येऊन मोजलेल्या नोंदी पुन्हा काढल्या. काकांचं खरं होतं. मोजमापात एक ओहोटी खोल होती आणि दुसरी उथळ, माझ्या रेषेत दोन्ही सारख्या. मग फायलींची शीर्षकं एकेक करून वाचली. सीमेवरची भरती जागतिक वेळेत होती आणि पातळीची नोंद भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा फरक. चंद्राच्या मुख्य भरतीचं आवर्तन साधारण 12 तास 25 मिनिटांचं, त्याचं अर्धं 6 तास 13 मिनिटं. म्हणून साडेपाच तास सरकलेली रेषा उलटी दिसते, आणि उणे लावलं की फक्त 43 मिनिटांची चूक उरते. पण गोव्याच्या भरतीत दिवसातून एकदाच येणारा भागही आहे. त्याच्या 24 तासांत साडेपाच तास म्हणजे जेमतेम पाव फेरा, तो उणे लावून जागेवर येत नाही. दोन ओहोट्यांमधला फरक त्या भागामुळे पडतो, आणि माझ्या उण्याने नेमका तोच पुसला होता.

तेव्हापासून कुठलाही आकडा हातात घेतला की मी आधी विचारते: याचं घड्याळ कुठलं, शून्य कुठलं, एकक कुठलं? नौकानयनाच्या नकाशावरची खोली सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजलेली असते, जमिनीवरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. ही दोन शून्यं न जुळवता एकत्र केली, तर उथळ खाडी कागदावर कोरडी पडते किंवा नको तितकी खोल होते, आणि संगणक कसलीच तक्रार करत नाही. दोन विषय जिथे शिवले जातात, तिथेच चुका लपतात. तो सांधा तपासणारा तिसरा कुणी नसतो. ते काम तुमचं आहे.

आता तयारीचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं असतात, आणि कोर्सवर्कचे किमान 12 क्रेडिट. सोपे म्हणून आपल्याच विषयाचे क्रेडिट घेऊ नका. गणितवाल्याने भौतिक सागरविज्ञानाचा एक पेपर घ्यावा, सागरविज्ञानवाल्याने संख्यात्मक विश्लेषणाचा. त्यात गुण कमी पडले तरी चालतील.

दुसऱ्या विषयातला सहमार्गदर्शक पहिल्या सहा महिन्यांतच शोधा. गोव्यात यासाठी फार लांब जावं लागत नाही. दोनापावलाला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ, वास्कोला हेडलँड सडा इथे ध्रुवीय आणि समुद्री संशोधनाचं केंद्र, फर्मागुडीला आयआयटी. भेटायला जाताना तयार प्रबंध-आराखडा नेऊ नका. एक पानभर प्रश्न आणि एक आलेख न्या. दोन्ही मार्गदर्शकांना महिन्यातून एकदा तरी एकाच टेबलाशी बसवा. वेगवेगळं भेटत राहिलात, तर दोघांचे निरोप पोचवण्यात तुमचं वर्ष जाईल.

संगणकाचं म्हणाल तर सगळे आधी समांतर प्रोग्रामिंगकडे, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरांवर वाटण्याकडे, धावतात. थोडं थांबा. आधी कागदावर हिशेब करा. मॉडेल पाण्यावर चौकटींचं जाळं टाकतं आणि वेळेच्या लहान पावलांनी पुढे सरकतं. 10 मीटर खोल पाण्यात भरतीची लाट सेकंदाला सुमारे 10 मीटर जाते. जाळ्याची चौकट 100 मीटरची असेल, तर एक्सप्लिसिट पद्धतीत, म्हणजे पुढच्या पावलाचं उत्तर आधीच्या पावलावरून थेट काढताना, वेळेचं पाऊल 10 सेकंदांपेक्षा मोठं ठेवता येत नाही. कुरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांनी ही अट 1928 मध्येच मांडली. चौकट 50 मीटर केली की चौकटी चौपट, पावलं दुप्पट, म्हणजे काम आठपट. मॉडेल एकदा चालवायचा तीन तासांचा रन पूर्ण दिवस घेतो. प्रोसेसरचे जास्त कोर मागण्याआधी हा हिशेब दाखवा. मदत करणारा माणूस तुम्हाला वेगळ्या नजरेने बघेल.

पहिल्याच दिवसापासून गिट वापरा, म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. मूळ मोजमापाच्या फायलींना हात लावू नका, त्या फक्त वाचण्यापुरत्या ठेवा. प्रत्येक रनसाठी साध्या मजकुराची एक नोंद ठेवा. माझी अशी असते: "14 मे. चौकट 100 मी. पाऊल 5 से. वेळ: भारतीय. शून्य: सरासरी समुद्रसपाटी. बदल: फक्त घर्षण. अपेक्षा: भरती दहा मिनिटं उशिरा." यातली शेवटची ओळ रन सुरू करण्याआधी लिहायची, नंतर नाही. आधी लिहिली नाहीत, तर जे उत्तर येईल तेच अपेक्षित होतं असं मन सांगतं.

आणि पाण्यावर जा. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत. मे महिन्यात खारं पाणी नदीत दूर वरपर्यंत चढलेलं असतं. जुलैत पावसाचं गोडं पाणी त्याला मुखाकडे रेटून लावतं. क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं सीटीडी यंत्र दोरीने खाली सोडताना पडद्यावर क्षारता एका मीटरमध्ये उडी मारताना बघितली, की मॉडेलमध्ये खोलीचे थर किती घ्यायचे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. बोटीची सोय नसेल तर रायबंदरहून चोडणची फेरीबोट पकडा आणि भरतीच्या दिवशी दोनतीन फेऱ्या मारा. फेरी प्रवाहाला तोंड देत किती तिरकी जाते ते पाहून ठेवा.

सल्लागार समितीसमोर दर सत्राला सादरीकरण असतं. त्याच्या आदल्या आठवड्यात ते दुसऱ्या विभागातल्या मित्राला ऐकवा आणि तो कुठे गप्प झाला ते टिपून ठेवा. प्रश्न आला तिथे त्याला निदान काहीतरी समजलं होतं. गप्प झाला ती स्लाइड नव्याने करा.

शेवटचं काम दरवर्षी डिसेंबरात करायचं. आपलं सगळं फोल्डर दुसऱ्या विषयातल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर द्यायचं आणि एका दुपारी तिला एक आकृती पुन्हा काढायला सांगायची. आपण शेजारी बसायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. ती जिथे अडेल, ते त्याच संध्याकाळी लिहून काढायचं.