वडिलांच्या नावावरची गाडी विकायचीय? आधी स्वतःच्या नावावर करा

घरातलं माणूस गेलं की महिनाभर गाडीकडे कुणी बघत नाही, खाली पार्किंगमध्ये धूळ खात पडते, मग एखादे काका म्हणतात विकून टाका, बॅटरी उतरून जाईल. डीलरकडे नेली की बरेचदा ऐकायला मिळतं, "टीटी फॉर्मवर (म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर) वडिलांची सही तुम्हीच मारा, बाकीचं आम्ही बघतो." असलं काही अजिबात करायचं नाही. गेलेल्या माणसाची सही मारणं म्हणजे सरळ सरळ बनावट कागद झाला, शिवाय नाव ट्रान्सफर होईपर्यंत गाडीने कुठे कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्याच घरी येणार. रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक धरायचा, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय.

मुदतीचं आधी बघा. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. इन्शुरन्सचंही तसंच, मालक गेल्यावर पॉलिसी ३ महिने चालते, त्याआधीच संपत असेल तर तेवढीच. म्हणजे ४ महिन्यांनी गिऱ्हाइकाला टेस्ट ड्राइव्हला गाडी दिली आणि नाशिकच्या द्वारका सर्कलला ठोकली तर कंपनी हात वर करू शकते. आणि हो, मृत्यू त्याच गाडीच्या अपघातात झाला असेल तर विकायचं नंतर बघा, पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर आहे का ते आधी तपासा.

मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथे मिळतो, म्हणजे हॉस्पिटल शहरात असेल तर नाशिक महापालिकेत, गावाकडच्या ग्रामपंचायतीत नाही. प्रती जास्तच काढून ठेवा, बँक, इन्शुरन्स, आरटीओ सगळीकडे लागतात.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे वारस. आरसीला (गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कार्डाला) नॉमिनी लावलेला असेल (२०२१ पासून ती सोय आहे) तर काम बरंच सोपं होतं, पण जुन्या गाड्यांना तो बहुतेक नसतोच. मग एकाच्या नावावर करायला बाकीच्यांची ना-हरकत लागते, स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट करून (१०० चा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा झालाय). आणि बाकीचे म्हणजे फक्त भाऊ नाही हं! हिंदू वारसा कायद्याने आई, सगळे भाऊ, लग्न झालेल्या बहिणीसुद्धा, आणि आजी (वडिलांची आई) हयात असेल तर तीही वारस. आजीला सगळेच विसरतात. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये विक्रीचे पैसे कसे वाटायचे तेही लिहून घ्या, ताईला नंतर वाईट वाटायला नको. कुणी अडून बसलं तर कोर्टातून वारस दाखला काढावा लागतो, त्यात वेळ जातो, म्हणून तेराव्यानंतर सगळे घरी असतानाच विषय काढलेला बरा.

नाव कुणाचं लावायचं? लोक भावनेने आईचं लावतात. माझं मत, ज्याचा आधार मोबाइलला लिंक आहे आणि जो नाशिकमध्ये राहतो त्याचं लावा, कारण पुढे विकताना परत ओटीपी, परत सह्या. ओटीपीवरून आठवलं, वडिलांचं सिम लगेच बंद करू नका. फास्टॅग, इन्शुरन्स, बँक, सगळ्यांचे मेसेज त्याच नंबरवर येतात.

फॉर्म ३१ परिवहनच्या वेबसाइटवर भरता येतो, नंतर पेठ रोडच्या आरटीओत कागद द्यायचे: मृत्यूचा दाखला, आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, अ‍ॅफिडेव्हिट, तुमचा आधार-पॅन, आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ही प्रिंट घरीपण निघते, नंबर कापडाने नीट पुसून त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, आकडा उमटतो. नंबर कुठे कोरलाय ते मॉडेलप्रमाणे बदलतं, गाडीच्या पुस्तकात बघा.

काही गोष्टी आधीच मार्गी लावा नाहीतर काम अडतं. ई-चलन बाकी असेल तर भरा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्या. लोन फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, हे तर भरपूर घरांत असतं, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते काढून टाका. १५ वर्षं होत आली असतील तर रजिस्ट्रेशन रिन्यू करायचा खर्च भावात धरा.

नाव लागलं की विक्री नेहमीसारखीच, फॉर्म २९ आणि ३०. गिऱ्हाईक "सेकंड ओनर आहे" म्हणून भाव पाडायला बघणार, त्याला मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स दाखवा, गाडी घरातच वापरली गेलीय हे कळतं. रोख २ लाख किंवा त्याच्या वर घेऊ नका, कायद्यात बसत नाही. घरच्या वापराच्या गाडीवर कॅपिटल गेन टॅक्स मात्र लागत नाही.

चावी देण्याआधी डिकी आणि डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करा, जुन्या बिलांखाली हमखास दुसरी चावी नाहीतर बँकेचा एखादा कागद निघतो. डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या, फास्टॅग बंद करा, आणि एमपरिवहन अ‍ॅपवर नवीन मालकाचं नाव दिसेपर्यंत अधूनमधून गाडी नंबर टाकून बघत राहा.