वायरमन येण्याआधी : घरातले दिवे बसवून घेण्याची तयारी आणि खर्च

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरात उजेड किती कमी आहे ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. फ्लॅट सिंहगड रोडवरचा, १९९६ सालचा, टू बीएचके. प्रत्येक खोलीत एक ट्यूब, तीही दारावर. ओट्याशी उभं राहिलं की पाठीमागून उजेड यायचा आणि विळीवर आपलीच सावली पडायची. सगळे दिवे बदलून घ्यायचे ठरवलं तेव्हा मनात हिशोब होता तो दिव्यांचा, दहा-बारा हजारांचा. दिव्यांचं बिल झालंही तेवढंच, ११,८०० रुपये. पण काम संपलं तेव्हा एकूण खर्च ३७,७५० रुपयांवर गेला होता. कोणी फसवलं नाही, आमचीच तयारी अपुरी होती. म्हणून जे आधी करायला हवं होतं ते इथे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि अंधार पडल्यावर घरभर वही घेऊन फिरा. दिवसा फिरून काही कळत नाही. ज्या जागी बसून वाचता तिथे बसा, ज्या कपाटासमोर साडीचा रंग बघता तिथे उभे राहा, ओट्याशी पोळपाट ठेवून बघा, देवघरापुढे बसा, रात्री पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत चालत जा. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर हे सगळं त्यांना करायला लावा, कारण त्यांना जेवढा उजेड लागतो त्याची कल्पना तरुण डोळ्यांना येत नाही. दिवा कुठे हवा आणि त्याचं बटण कुठे हवं, या दोन्ही गोष्टी लिहा. बटण पलंगावरून हाताला लागलं पाहिजे. पॅसेजच्या दोन्ही टोकांना हवं असेल तर तो टू-वे पॉइंट होतो, त्याला वायर जास्त जाते आणि वायरमन त्याचे पैसेही जास्त लावतो. बाल्कनीत आकाशकंदिलासाठी एक पॉइंट आणि त्याचं बटण आतल्या बाजूला, हे आत्ताच लिहून टाका. दर दिवाळीला खिडकीतून वायर ओढणाऱ्या किती घरांना हे काम चालू असताना सुचलेलं नसतं!

वहीतल्या नोंदींचे मग तीन गट करा. पहिला, जिथे पॉइंट आहे तिथेच जुनं काढून नवं लावायचं. दुसरा, पॉइंट आहे पण जागा सरकवायची. तिसरा, पॉइंटच नवा काढायचा. खर्चाची सगळी किल्ली या विभागणीत आहे. आमच्याकडे नऊ ठिकाणी नुसती फिटिंग बदलायची होती, त्याची मजुरी नगाला १५० रुपये. चौदा ठिकाणी पॉइंट सरकवायचे किंवा नवे काढायचे होते, त्याची मजुरी पॉइंटला ३५० रुपये. म्हणजे मजुरी मिळून ६,२५० रुपये. तुमच्या गावात, तुमच्या भागात हे आकडे वेगळे असतील, पण नुसतं बदलणं आणि पॉइंट काढणं यांतला फरक असाच राहील. नवा पॉइंट म्हणजे भिंतीत झिरी मारायची, पाइप टाकायचा, वायर ओढायची, बोर्डात जागा करायची, झिरीवर चिकनजाळी लावून गिलावा करायचा आणि वर रंग. ३५० रुपये त्यातल्या निम्म्या कामांचेच होते.

बाकीच्या कामांचा हिशोब असा झाला. दीड एमएमची तांब्याची वायर, लाल, काळी आणि हिरवी, नव्वद मीटरचं एकेक भेंडोळं, मिळून ६,६०० रुपये. पाइप, बॉक्स, टेप, भिंतीत स्क्रू धरणाऱ्या गिट्ट्या, स्क्रू यांचे १,९००. बटणं आणि प्लेटा ५,४००. झिऱ्या बुजवायला गवंडी आणि बिगारी एक दिवस, १,७०० रुपये, वर सिमेंट-वाळूचे ६००. आणि रंगाचे ३,५००. रंगाचा खर्च सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. झिरीच्या जागी तेवढाच ठिपका रंगवला तर तो वर्षानुवर्षं दिसत राहतो, पूर्ण भिंत मारावी लागते. म्हणून रंगाचं काम जवळ आलं असेल तर दिव्यांचं काम त्याच्या आधी उरका, आणि रंग नुकताच झाला असेल तर नव्या पॉइंटांची संख्या कमी करता येते का ते पुन्हा पाहा. भाड्याच्या घरात तर झिरी मारूच नका, भिंतीवरून केसिंगपट्टी, म्हणजे वायर झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी लावा. दिसायला थोडी कमी, पण गवंडी आणि रंग दोन्ही वाचतात.

वायरमनला भाव विचारण्याआधी जुनी वायरिंग काय सांगते ते बघून घ्या, किंवा त्यालाच एक भेट देऊन बघायला सांगा. भेटीचे वेगळे पैसे असतात का, आणि काम दिल्यावर ते वजा होतात का, हे फोनवरच विचारा. जुन्या इमारतींत दिव्यांच्या पॉइंटला बहुतेक वेळा दोनच वायरी सापडतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग फक्त प्लगपर्यंत आलेलं असतं. प्लॅस्टिकच्या होल्डरला ते चालून जायचं. धातूच्या बॉडीचा दिवा किंवा झुंबर लावायचं असेल तर अर्थिंगची हिरवी वायर तिथपर्यंत गेलीच पाहिजे, आणि हा खर्च कोणत्याही दुकानातल्या किमतीत लिहिलेला नसतो. मेनच्या बोर्डात अजून चिनी मातीचे फ्यूज असतील तर एमसीबी बसवून घ्या आणि सोबत ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबीही. एमसीबी म्हणजे भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की आपोआप पडणारं बटण, आरसीसीबी म्हणजे वीज अंगातून किंवा ओलीतून जमिनीत जायला लागली की लाइन तोडणारं. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. ओल्या हाताने बटण दाबणारं लहान मूल किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर सजावटीचे दोन दिवे कमी घ्या, पण ही घ्या. वीज कंपनीकडचा मंजूर भार वाढवावा लागेल का, ही काळजी मात्र सोडून द्या. जुनी चोकवाली ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट खायची, तेवढाच उजेड आता २० वॅटची एलईडी पट्टी देते. दिवसाला सहा तास धरले तर एका ट्यूबमागे वर्षाला सत्तरच्या आसपास युनिट वाचतात.

आता भाव. निदान दोघांना विचारा आणि दोघांनाही वहीतली तीच यादी दाखवा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. एक जण लेबर रेट, म्हणजे नुसती मजुरी सांगतो, दुसरा मटेरियलसह सांगतो, तिसरा सगळं काम उक्तं घेतो. उक्त्या कामात वायर कोणत्या कंपनीची आणि किती एमएमची, हे कागदावर आल्याशिवाय हो म्हणू नका. दिव्यांना दीड एमएम, साध्या प्लगला अडीच, एसी आणि गीझरला चार, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. एका बटणावर तीन दिवे चालणार असतील तर तो एक पॉइंट धरणार की तीन, हे आधी ठरवा. आमची सगळ्यात लांबलेली बोलाचाली याच मुद्द्यावर झाली. झिऱ्या कोण बुजवणार, राडारोडा पोत्यात भरून खाली कोण नेणार, जुन्या पट्ट्या आणि पंखे तो नेणार की तुम्ही भंगारात देणार, हेही त्याच कागदावर. उचल किती आणि उरलेले पैसे कधी, तेही. काम मोठं असेल, मेन लाइनला हात लागणार असेल, तर परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. आयटीआयमधून तारतंत्री किंवा विजतंत्री होऊन आलेला मुलगा आणि नुसतं बघून शिकलेला मुलगा यांच्या जोडांत फरक दिसतो. चांगल्या माणसाने पन्नास रुपये जास्त मागितले तर घासाघीस करू नका. भिंतीच्या आत गेलेला जोड पुन्हा कोणी उघडून बघत नाही.

दिवे स्वतः आणणार असाल तर खोक्यावरच्या तीन-चार गोष्टी वाचा. वॅट बघायची आपली सवय पिवळ्या बल्बच्या काळातली आहे, आता ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप बघा. ९ वॅटचा चांगला बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. रंग केल्व्हिनमध्ये लिहिलेला असतो : ३,००० पिवळसर, ४,००० मधला, ६,५०० पांढराशुभ्र. निजायच्या खोलीत पिवळसर, ओट्यावर मधला, असं आम्ही केलं आणि ते सगळ्यांना मानवलं. एका खोलीत दोन रंग मात्र मिसळू नका. फॉल्स सीलिंगमध्ये बसवायचा दिवा असेल तर त्याच्या कटआउटचं, म्हणजे छतात पाडायच्या भोकाचं माप पीओपीवाल्याला भोक पाडण्याआधी मिळालं पाहिजे, म्हणजे दिवे आधी घरात आलेले हवेत. मोठ्या भोकात छोटा दिवा बसत नाही आणि पीओपी पुन्हा भरायचे पैसे वेगळे. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणारी छोटी डबी, त्याच भोकातून हात घालून बाहेर काढता येईल असाच ठेवायला सांगा, कारण दोन-चार वर्षांनी बिघडतो तो बहुधा ड्रायव्हरच. बाल्कनीत पाऊस थेट येत असेल तर आयपी ६५ लिहिलेला दिवा घ्या (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे त्याचा आकडा), बाथरूममध्ये आयपी ४४ पुरतो. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, तेव्हा एमआरपीवर वेगळा जीएसटी कोणी मागितला तर देऊ नका. एलईडी दिव्यांवरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकावर विसंबूनही राहू नका. बिल तारखेसकट घ्या आणि जपा, वॉरंटी त्यावरच मिळते. सीलिंगमधल्या दिव्यांचा एखादा नग जास्तीचा घेऊन ठेवा. तेच मॉडेल पुढे बाजारात सापडेलच असं नाही, आणि पाचांत एक वेगळा दिवा फार डोळ्यांत येतो.

झुंबराचं वजन दुकानातच विचारून घ्या. गिट्टी आणि स्क्रूवर हलकी पट्टी राहते, झुंबर नाही. त्याला स्लॅबमध्ये फास्टनर किंवा पंख्याचा हुक लागतो, आणि ते पीओपीच्या पत्र्यावर तर कधीच टांगायचं नाही. जेवणाच्या टेबलावरचा लोंबता दिवा टेबलाच्या वर अडीच ते तीन फुटांवर ठेवला की डोळ्यांवर येत नाही. टेबल नक्की कुठे राहणार हे ठरल्याशिवाय हा पॉइंट काढू नका.

कामाचे दिवस निवडताना गणपती आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. तेव्हा चांगला वायरमन मिळत नाही आणि मिळाला तर धावपळीत असतो. सोसायटीच्या ऑफिसात आधी पत्र द्या, ठोकाठोकीच्या वेळा विचारून घ्या. आमच्याकडे दुपारी दोन ते चार आवाज बंद, म्हणजे एका दिवसाचं काम दीड दिवसाचं होतं, आणि रोजावर माणूस ठेवला असेल तर तो खर्च आपला. आदल्या रात्री पलंग, टीव्ही, पुस्तकांची कपाटं जुन्या चादरींनी झाका. झिरीची धूळ घरभर जाते. फ्रीजमधलं नासणारं संपवून टाका. लाकडी घोडा कोण आणणार ते विचारा, आणि त्याचे पाय डगमगतात का ते स्वतः बघा. खुर्चीवर स्टूल ठेवून कोणालाही चढू देऊ नका.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या लाइनवरचे दिवे जिवंत राहतात. वायरमन आला की पहिल्या मिनिटाला त्याला हे सांगा, इन्व्हर्टर बंद करा आणि त्याच्यासमोर टेस्टर लावून खात्री करून घ्या. आमच्याकडे हे सांगायचं राहून गेलं. वायरमनदादांनी सवयीने टेस्टर लावला म्हणून निभावलं. तो प्रसंग आठवला की अजून अंगावर काटा येतो.

झिऱ्या मारताना घरात कोणीतरी जाणतं माणूस असू द्या. कॉलममध्ये किंवा बीममध्ये खोल झिरी मारू देऊ नका, सळ्या उघड्या पडतात. झिऱ्या सरळ उभ्या जाव्यात, तिरक्या नकोत, म्हणजे उद्या खिळा मारताना पाइप कुठे असेल याचा अंदाज येतो. आणि गिलावा होण्याआधी शेवटची एकदा वही उघडून सगळे पॉइंट मोजा. आमचा एक राहिला, तोही ओट्यावरचाच, ज्याच्यासाठी सगळा घाट घातला होता तो. लक्षात आलं तेव्हा रंग झालेला होता. जो पॉइंट ३५० रुपये मजुरीत झाला असता, त्याला वायरमनची पुन्हा फेरी, गवंड्याचा अर्धा दिवस आणि भिंतीचा रंग धरून अडीच हजारांचा अंदाज निघाला. शेवटी कपाटाच्या खालून केसिंगपट्टीने वायर नेली आणि दोन फुटांची एलईडी पट्टी लावली. आईला आता कोथिंबिरीतली माती दिसते.

शेवटचे पैसे दिवसाउजेडी देऊ नका. अंधार पडेपर्यंत थांबा, सगळे दिवे एकदम लावा आणि पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणता लुकलुकतो का, कोणाच्या ड्रायव्हरचा गुणगुणल्यासारखा आवाज येतो का, कोणत्या बटणावर हात गरम लागतो का ते बघा. मग सगळे बंद करून अंधारात फिरा. बंद केल्यावरही एखादा दिवा मंद मिणमिणत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं गेलेलं असू शकतं, किंवा बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळे तसं होत असेल. पहिलं कारण धोक्याचं आहे, कारण बटण बंद असूनही होल्डरपर्यंत वीज पोचलेली असते. ते त्याच संध्याकाळी दुरुस्त करून घ्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण वायरमनसमोर दाबा, ती खट्कन पडली पाहिजे. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, हे कागदावर लिहून बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवा. आणि झिऱ्या उघड्या होत्या तेव्हा मेजरटेप भिंतीला लावून काढलेले फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा, पुढचा वायरमन पहिल्यांदा तेच मागेल.